चार मिनिटांत रिकामी
भूकंपाच्या सरावात अख्खी इमारत चार मिनिटांत रिकामी झाली, म्हणून अध्यक्षसाहेब स्टॉपवॉच उंचावून फोटो काढून घेत होते. फोटोत पोट कमी आणि घड्याळ जास्त दिसावं, एवढीच त्यांना चिंता. प्रशिक्षक म्हणून प्रमाणपत्रावर माझी सही तेवढी बाकी होती. वरून तीनदा शिट्टी वाजली. अडकलात तर अशीच वाजवा, असं सांगून घरटी एक शिट्टी मीच वाटली होती. चौथ्या मजल्याच्या खिडकीत व्हीलचेअरवरच्या आजी दिसल्या. “त्यांना खाली का नाही आणलं?” मी साहेबांना विचारलं. “तिला उतरवायलाच दहा मिनिटं लागतात, मॅडम. गेल्या वर्षी तिच्यापायीच सर्वांत जलद इमारतीचं बक्षीस हुकलं.” “आणि खरा भूकंप झाला तर?” “तेव्हा वेळ कोण मोजणार?” स्वतःच्याच विनोदावर साहेब हसले. शिट्टी पुन्हा वाजली. ते बायकोकडे वळले. “आईची शिट्टी काढून घे म्हणून सकाळीच सांगितलं होतं ना?”