वखारीची दुसरी किल्ली

सुज्ञ वाचकहो, दोन कुलुपे, एक करवत आणि एका वयस्क सुतारास भर दुपारी आलेली लाज, यांचा वृत्तान्त येथे यथामती निवेदन करीत आहे.

तात्या सुतारांच्या डोळ्यांवर ते अवजड यंत्र चढविले गेले, तेव्हाही ते मागे बसलेल्या वरच्या आळीतील मंडळींशी थट्टाच करीत होते.

"घोड्याला झापडं बांधतात तसं बांधलंय बघा. चाबूक तेवढा मारू नका."

मंडळी हसली. त्या गोंधळात संयोजक बाई काय समजावून सांगत होत्या, ते तात्यांनी ऐकलेच नाही.

ते आले होते वखारीपायी. वरची आळी व खालची आळी यांच्यात दंगल झाल्यापासून लाकडाच्या वखारीस दोन कुलुपे होती. एक तात्यांचे, दुसरे खालच्या आळीत राहणाऱ्या त्यांच्या भागीदाराचे. आत ओंडक्यांना वाळवी लागली होती. बाहेर तात्या लोकांच्या खुर्च्यांचे पाय जोडून दिवस ढकलीत होते. भागीदाराचे कुलूप फोडून देण्यास कुलूपवाला राजी नव्हता. "बाईंच्या त्या आभासी जगात जाऊन तरी बघा, समेट झाला तर झाला," असे सुनेने बजावले, म्हणून तात्या वाचनालयाच्या सभागृहात येऊन बसले होते. सभागृहाच्या मधोमध पडदा होता. पलीकडे खालची आळी बसली होती.

यंत्रात एक निर्जन रस्ता दिसला. त्यावर प्रचंड वृक्ष आडवा पडला होता. त्याच्या बुंध्यावर दोन मुठींची करवत होती, आणि पलीकडच्या मुठीपाशी करड्या रंगाची, चेहरा नसलेली एक आकृती उभी होती.

तात्यांनी यंत्रासोबत हाती दिलेल्या दांड्या करवतीच्या मुठीसारख्या आवळल्या. "ओढ... सोड," ते सवयीने पुटपुटले. अशी करवत आपल्याकडे ओढायची असते, ढकलायची नसते. ढकलली की पाते वाकते. नवख्यास हे उमजावयास महिने लागतात. आकृतीला तत्क्षणी उमजले.

"अरे वा, या बाहुल्याला चांगलं शिकवलंय. माझा भागीदार असा ओढता तर वखार दुमजली झाली असती. नुसता लोंबकळायचा मेला."

मागची मंडळी खिदळली. तात्यांना चेव आला. चित्रापुढे कसला संकोच?

"खालच्या आळीचं पाणीच तसलं. गेल्या साली त्याची आई गेली. म्हातारीनं मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलेलं, नाही म्हणत नाही. शेवटी शेवटी निरोपही आला होता. पण मुद्दाम गेलो नाही. म्हटलं, बसू दे रडत एकट्याला."

करवत थांबली.

"बाई, तुमचं डबडं अडकलं बघा."

"यंत्र ठीक आहे, काका," बाई अगदी हळू म्हणाल्या.

काही वेळाने करवत पुन्हा चालू लागली, पूर्वीच्याच लयीत. तात्यांचा उजवा खांदा भरून आला, तेव्हा आकृतीनेही आपली ओढ सैल केली व त्यांना दम घेऊ दिला. अखेर झाड दुभंगले. रस्ता मोकळा झाला.

"शाब्बास रे बाहुल्या," म्हणत तात्यांनी यंत्र उतरविले. मागची मंडळी आता हसत नव्हती. बाईंनी मधला पडदा सरकविला होता. पलीकडच्या खुर्चीत भागीदार बसला होता. यंत्र त्याच्या मांडीवर होते; दांड्या मात्र अजून हातात होत्या.

"माझ्या कानातल्या यंत्रात बाईंनी आवाज बदलला होता तुमचा," तो म्हणाला, "पण पहिल्या ओढीलाच ओळखलं, तात्या. खांदा अजून दुखतो वाटतं?"

तात्यांची मान खाली गेली. "मला वाटलं, नुसतं चित्र आहे," ते कसेबसे म्हणाले.

"म्हणून तर खरं बोललात." भागीदाराने खिशातून किल्ली काढून तात्यांपुढे ठेवली. "समेट झाला तर द्यायची म्हणून आणली होती. आता तशीच घ्या. आई शेवटपर्यंत विचारत होती, तात्या आला का. मी म्हटलं, वाटेत आहे."

तो निघून गेला.

तात्या वखारीपाशी आले. मंडळी मागोमाग होतीच. आपले कुलूप त्यांनी उघडले. दुसऱ्या कुलपात किल्ली घातली, पण ती फिरविण्यास हात धजेना. क्षणभराने त्यांनी किल्ली काढून मुठीत घेतली आणि ते खालच्या आळीच्या उताराला लागले.

"तात्या, दार इकडं आहे," मागून कुणीसे ओरडले.

तात्यांनी वळून पाहिले नाही. फार उशीर झाला होता, पण ते आता वाटेत होते.

इतके वाचण्याचे कष्ट आपण घेतलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
कुलूपवाला आबा