एकवीस तोफा

“आई, दार उघड! नोकरी जाईल माझी!” नाबोर आतून लाथा घालत होता.

“जाऊ दे. जीव तर राहील!” हिलारियानं कडीत पळी खुपसली.

“पोरगं कोंडलंस की झुंजीचा कोंबडा?” शेजारची कुका कुंपणावरून हसली.

हसणाऱ्याचं काय जातं? नाबोर वेराक्रूझच्या जकातघरावर पहारेकरी होता. आणि जकातघरासमोर, समुद्रात, अमेरिकेच्या लढाऊ बोटी तोफांची तोंडं इकडं करून उभ्या होत्या. कारण काय, तर वर उत्तरेला तांपिकोच्या बंदरात मेक्सिकोच्या शिपायांनी त्यांचे काही खलाशी घटकाभर अडकवले. लगेच सोडलेही, वर माफी मागितली. पण दांडगटाला माफी पुरत नाही. समोरच्याची मान वाकलेली त्याला चारचौघांत बघायची असते. आमच्या निशाणाला एकवीस तोफांची सलामी द्या, नाहीतर बघून घेतो! आणि राजधानीतले आपले मिशीवाले जनरल म्हणत होते, एक तुम्ही उडवा, एक आम्ही उडवतो. मरायला मात्र दोघांनीही बंदरावरची पोरं ठेवली होती.

“उडवा की एकदाच्या! आवाजच काढायचाय ना?” हिलारिया नवऱ्यावर खेकसली, जशा काही तोफा त्याच्याच खिशात होत्या.

म्हातारा एलेउतेरियो भिंतीला पाठ लावून बसला होता. जन्मभर तोफखान्यात राबून त्याचे दोन्ही कान गेले होते. बायको रागावलीय एवढं त्याला कळलं. तो ओशाळं हसला.

तेवढ्यात समुद्राकडून तोफ धडाडली. पाठोपाठ दुसरी.

हिलारियानं छातीवर क्रूस काढला. “दिली! अगं कुका, दिली सलामी! सुटलो!”

तिनं पळी उपसली, दार उघडलं, पोराच्या गालाचा मुका घेतला. “जा माझ्या राजा. मिटलं सगळं.”

नाबोर टोपी सावरत बंदराकडं पळाला. गल्ली ओलांडून दिसेनासा झाला.

हिलारिया नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि जीव खाऊन ओरडली, “सलामी! तोफा उडतायत!”

म्हाताऱ्यानं हात मागं नेऊन पंजा भिंतीवर दाबला. भिंत हादरत होती. सुटलेला चुना त्याच्या खांद्यावर पडत होता. त्यानं उघड्या दाराकडं पाहिलं.

“सलामीच्या तोफेत गोळा नसतो, हिलारिया,” तो म्हणाला. “पोरगं कुठंय?”