शुक्रवार, सात ते आठ

सभेच्या सहाव्या विषयाला तेस्फाय उभा राहिला, तेव्हा तळघरातल्या खोलीत बसलेल्या अकराही जणांनी कॉफीचे कप खाली ठेवले. फिनलंडमधल्या कुओपिओतल्या त्या बारा घरांच्या इमारतीत वार्षिक सभेला कोणी उभं राहून बोलत नसे. बसूनही फारसं कोणी बोलत नसे.

विषय सौनाचा, म्हणजे गरम वाफेत घाम काढत बसायच्या खोलीचा होता. इमारतीला सौना एकच, आणि आठवड्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्या बहुधा पायाच्या काँक्रीटबरोबरच ओतल्या होत्या. शुक्रवारी सात ते आठ ही पाळी तळमजल्यावरच्या कौकोची. जानेवारीत कौको गेला. इमारतीनं रीतसर दुखवटा पाळला, म्हणजे दोन महिने त्या तासाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. विचार मात्र सगळ्यांनी केला.

तेस्फायची पाळी सोमवारी दुपारी तीनची. सोमवारी दुपारी तीनला तो चार नंबरची बस चालवत असे. एरिट्रियातून येऊन या इमारतीत राहायला लागल्याला त्याला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षं त्याच्या नावानं सौना तापत होती आणि रिकामीच गार होत होती. घामाचं त्याला अप्रूप नव्हतं. पण या गावात जोवर माणूस घरच्या सौनात बसून घटकाभर गप्प राहत नाही, तोवर तो पाहुणाच, एवढं त्यानं ओळखलं होतं. त्याला आता पाहुणा राहायचं नव्हतं.

सभेत म्हणायची फिनिश वाक्यं एकूण अकरा होती. दुसऱ्या मजल्यावरच्या रायलीबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी तीन आठवडे आपल्या स्वयंपाकघरात बसवून ती त्याच्याकडून घोटून घेतली होती. चुकलं की त्या टेबलावर चमचा वाजवत. शेवटच्या दिवशी चमचा वाजला नाही. रायलीबाईंची पाळी शुक्रवारी सहा ते सात. म्हणजे आपण सौनातही शेजारी होणार, असं तेस्फाय म्हणाला होता. त्यावर रायलीबाईंनी त्याला आणखी एक दालचिनीचा बन वाढला होता.

आता सभेत त्यानं अकराही वाक्यं म्हटली. सोमवार सांगितला, बस सांगितली, कौकोबद्दल दोन चांगले शब्द बोलला, आणि शुक्रवारचा सात ते आठ हा तास मला द्यावा, असं म्हणून थांबला. कुठे अडखळला नाही.

अध्यक्ष इस्मो खाकरले. काही काळजी करू नको, आपण इंग्रजीत बोलू, असं ते इंग्रजीत म्हणाले.

तेस्फायला इंग्रजी जेमतेम येत होतं. अध्यक्षांना त्याहून कमी. मला फिनिश चालेल, असं तो फिनिशमध्ये म्हणाला. अध्यक्षांनी मान डोलावली आणि तेच इंग्रजी ते आणखी सावकाश, आणखी मोठ्यानं बोलू लागले. चौथ्या मजल्यावरचा एक गृहस्थ मदतीला धावला आणि सौना म्हणजे काय, हे त्यानं हातवारे करून दाखवलं. मागे एक बाई शेजारणीच्या कानात म्हणाली, किती छान बोलतो नाही, बसमध्ये तर तोंड उघडत नाही.

तेस्फायनं रायलीबाईंकडे पाहिलं. रायलीबाई उठल्या.

"थांबा," त्या फिनिशमध्ये म्हणाल्या. "तो काय म्हणतोय ते मी सांगते."

खोलीला हायसं वाटलं.

"तो म्हणतोय, या इमारतीत त्याला फार बरं वाटतं. सौनाचं म्हणाल, तर त्याला तशी काही घाई नाही. पुढेमागे एखादा तास मोकळा झाला तर त्याची आठवण ठेवा, एवढंच."

फिनिशचं फिनिशमध्ये भाषांतर झालं. तेस्फायला त्यातला शब्द न् शब्द कळला. बरेचसे त्यांनीच शिकवले होते.

"मी असं म्हणालो नाही," तो म्हणाला. हे बारावं वाक्य कोणी घोटून घेतलं नव्हतं, तरी बिनचूक आलं.

अध्यक्षांनी रायलीबाईंना विचारलं, "आता काय म्हणतोय?"

"आभार मानतोय."

मग शुक्रवारचं काय, असं कोणीतरी हळूच विचारलं. तो तास माझ्या तासाला लागूनच आहे, माझ्याकडेच असू द्या, असं रायलीबाई म्हणाल्या. बाहेर कोणी टॉवेल घेऊन ताटकळत असलं की मला मेला घामच फुटत नाही. हे सगळ्यांना पटलं. अध्यक्षांनी लाकडी हातोडी आपटली. सातवा विषय सायकली ठेवायच्या जागेचा होता.

सभा संपल्यावर रायलीबाईंनी त्याला जिन्यात गाठलं. त्यांना दम लागला होता.

"फार सुंदर बोललास," त्या म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणत होत्या. "एक चूक नाही. मला अभिमान वाटला बघ. मंगळवारी ये नेहमीसारखा. आता तक्रार अर्ज कसा लिहायचा ते घेऊ, तेवढंच राहिलंय."

तेस्फाय कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. मग तो बोलू लागला, आपल्या आईच्या भाषेत, तिग्रिन्यात. एकाही शब्दासाठी थांबावं लागत नव्हतं. बराच वेळ बोलला. मध्येच जिन्यातला दिवा आपोआप विझला, तेव्हा त्यानं बटण दाबलं आणि राहिलेलं पूर्ण केलं.

रायलीबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं.

"तो आभार मानतोय," तेस्फाय फिनिशमध्ये म्हणाला.