मोठ्याने वाचा

"तक्रार मागे घ्या, म्हणजे विषय संपला," मॅनेजर म्हणाले आणि टाईप केलेला कागद त्यांनी माइकशेजारी ठेवला.

निवेदिकेला खुर्ची सोडता येत नव्हती, म्हणून ते स्वतःच बसस्थानकाच्या वरच्या काचेच्या खोलीत आले होते. पाठोपाठ आला वाहतूक नियंत्रक. त्याची सासू खाली तिकीट खिडकीवर होती. तिच्याच शब्दावर त्याला नोकरी लागली होती, आणि तो सगळीकडे जावयाच्या थाटात वावरायचा. आताही तो दाराला टेकून उभा होता.

निवेदिकेने माइकचं लाल बटण दाबून धरलं, पाच नंबरची गाडी पंधरा मिनिटं उशिरा येईल असं दोनदा सांगितलं आणि बटण सोडलं. तिचा आवाज बारा फलाटांवर पोचला. जाड काचेमुळे खोलीत मात्र बाहेरचं काही ऐकू येत नसे.

दोन महिने हा नियंत्रक तिच्या फोटोंखाली घाण लिहीत होता. एक खातं बंद केलं की दुसऱ्या खात्यावरून. चहाच्या टेबलावर त्याचं वाचन व्हायचं आणि ती जिना उतरली की हशा पिकायचा. ती डबा वरच खाऊ लागली. घास गिळताना तिला रडू यायचं नाही, संताप यायचा.

"त्याने त्याच्या फोनवरून लिहिलं. डेपोचा काय संबंध?" मॅनेजर म्हणाले. "सही करा, नाहीतर तुमची बदली करावी लागेल."

बदलीचं गाव आठ तासांवर होतं. तिची मुलगी दुसरीत होती.

"तुम्ही ते वाचलंय का, साहेब?"

"चाळलं. एवढं काय आहे त्यात? बरं, तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा. आपण तिघंच तर आहोत."

नियंत्रक हसला. "वाच ना. आवाज गोड आहे तुझा."

तिने खुर्ची पुढे ओढली. डावा हात टेबलावर ठेवला, उजव्या हातात फोन घेतला आणि वाचू लागली. आधी त्याचं नाव, मग हुद्दा, मग तारीख, मग मजकूर. एक शब्द गाळला नाही. गाड्यांच्या वेळा सांगायची त्याच सुरात, प्रत्येक ओळ दोनदा.

सहाव्या मजकुराला मॅनेजर खुर्चीत चुळबुळले. "पुरे आता. गंमत केली त्याने. खरं सांगू, मीसुद्धा वाचून हसलो होतो. बाईमाणसाने एवढं मनाला लावून घेऊ नये."

दोघांचीही काचेकडे पाठ होती. खाली तिकीट खिडकीचं दार उघडलं. नियंत्रकाची सासू बाहेर आली, वर बघत क्षणभर थांबली आणि तरातरा जिन्याकडे निघाली. तिच्यामागे आणखी चार बायका होत्या.

"सूचना संपली," निवेदिका म्हणाली आणि लाल बटणावरचं बोट उचललं.