गडगडाटाआधी

अरुंधतीने कात्री परत ट्रेमध्ये ठेवली.

“मी नाही सोडणार गाठ,” ती जर्मनमध्ये म्हणाली.

टेबलापलीकडे जर्मनीतल्या त्या लहानशा संग्रहालयाच्या प्रमुख, फ्राउ लिंडनर, उभ्या होत्या. मधे दिव्यांच्या उजेडात कातड्यात गुंडाळलेलं, काळवंडलेलं गाठोडं होतं. अमेरिकेतल्या पॉनी या आदिवासी जमातीचं पवित्र गाठोडं. सव्वाशे वर्षं ते इथल्या कपाटात पडून होतं. गुरुवारी पॉनींच्या दोन बायका ते परत न्यायला येणार होत्या. त्यांच्यात अशी गाठोडी बायकाच सांभाळतात.

“आल्झो, हे बघा,” फ्राउ लिंडनर म्हणाल्या, “उघडायचं, फोटो काढायचे, परत बांधायचं. एक तास. गुरुवारनंतर आपल्याला कधीच कळणार नाही, आत काय होतं.”

“ते वसंतात उघडतात. आभाळात पहिला गडगडाट झाला की. आत्ता नोव्हेंबर आहे.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यांच्या पत्रात आहे. दुसऱ्या पानावर.”

“पत्र मीही वाचलंय. ती विनंती आहे. कायदा नाही.”

कॅमेऱ्यामागून संग्रहालयाचा फोटोग्राफर सुधीर मराठीत पुटपुटला, “अगं ताई, दोनच तर गाठी आहेत. जशाच्या तशा बांधू. कळणार कुणाला?”

“मला कळेल.”

“तुला कळून काय होतंय?”

“तुमच्या देवघरातले टाक कुणी असे टेबलावर मांडले, तर कुठली लेन्स लावशील रे?”

सुधीरने लेन्सवर झाकण लावलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, “तुझी नोकरीतली प्रोबेत्साइट संपायला अकरा दिवस राहिलेत. तोवर काढून टाकायला त्यांना कारणसुद्धा लागत नाही. घरी हृषिकेशदादांना काय सांगशील?”

“काही नाही. नवरा माझा म्हणेल, चला, आता तरी वेळेवर जेवायला मिळेल.”

सुधीरला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

“मी दुसऱ्या कुणा जतन-तज्ज्ञाला बोलावू शकते,” फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

“गुरुवारपर्यंत कुणी मिळणार नाही. आणि मिळालं, तर मी इथेच बसलेली असेन.” अरुंधतीने खुर्ची ओढली आणि टेबलाला लावून बसली.

सुधीरने एक दिवा बंद केला. मग दुसरा.

फ्राउ लिंडनरांनी फाइलमधून नोंदीचं कार्ड काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. “ठीक आहे. ‘आतील वस्तू’ या रकान्यात काय लिहायचं, ते तुम्हीच सांगा. सही तुमची असेल.”

अरुंधतीने हातमोजे काढले, पेन घेतलं. रकान्यात तिने ठळक अक्षरांत लिहिलं : मालकिणींना माहीत आहे.

खाली पूर्ण नावाने सही केली आणि कार्ड परत सरकवलं.