गाडी कोण चालवत होतं?

आवाज झाला तेव्हा मामा विनोद सांगत होता, आणि विनोद सांगायला मामाला दोन्ही हात लागत. स्टिअरिंगच्या वाट्याला फारसं काही उरत नसे. ट्रकला चुकीच्या बाजूने मागे टाकून तो पुढे घुसला, समोर एक सायकल दिसली, आणि दिसली म्हणेपर्यंत नाहीशी झाली.

गाडी शंभरेक पावलं पुढे जाऊन थांबली. भाची दार उघडून मागे धावली. रस्त्यावर हिरवा रंग सांडला होता. सायकलवाला रंगारी होता. डबा एकीकडे, ब्रश एकीकडे आणि तो स्वतः कडेच्या खडीवर. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने त्याला खांद्याकडून धरलं, तिने पायांकडून, आणि दोघांनी मिळून त्याला टेम्पोत घातलं. "पुढच्या नाक्यावर पोलीस आहेत, सांगून जातो," एवढं म्हणून टेम्पोवाला भरधाव निघून गेला.

ती गाडीपाशी परत आली तेव्हा मामा तिच्या जागेवर बसला होता. तिची फाईल त्याच्या मांडीवर होती.

"तिकडून बस," तो म्हणाला.

"मामा, त्यांचं डोकं..."

"लागलं असेल थोडं. टाके घालतील. तू आधी बस आणि ऐक. माझं लायसन्स जप्त झालंय, सहा महिन्यांसाठी. घरी कुणाला माहीत नाही, मामीलासुद्धा नाही. मी चालवत होतो म्हटलं तर मला सरळ आत टाकतील. तुझं कोरं आहे. कॉलेजची पोरगी, घाबरली, चूक झाली. दोन शब्द सुनावतील आणि सोडतील. उद्या दहाला तुझी मुलाखत ना? साडेनवाला तुला दारात उभी करतो. बोलायचं सगळं मी बोलतो. तू नुसती मान हलव."

मान हलवणं तिला जमायचं. तेवढंच जमायचं, म्हणा ना. हॉटेलात तिला काय हवं ते मामा सांगायचा, दुकानात तिच्या मापाची चप्पल मामा मागायचा. शिकायला एवढ्या लांब पाठवायचं नाही असं घरात सगळ्यांचं ठरलं, तेव्हा टेबलावर हात आपटून एकटा मामाच म्हणाला होता, "ही जाणार. शिष्यवृत्ती मिळवून जाणार, आणि मी नेऊन सोडणार."

उद्याची मुलाखत त्याच शिष्यवृत्तीची होती, आणि तिचा अर्ज फाईलमध्ये होता. 'माझ्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही' या ओळीखाली तिने कालच सही केली होती. हे मामाला सांगायला हवं होतं. तिने मनात वाक्य जुळवलं, पुन्हा जुळवलं. तेवढ्यात नाक्यावरून मोटरसायकल येताना दिसली, आणि ती निमूटपणे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.

हवालदार वयस्कर होता. त्याने सावकाश गाडी स्टँडवर लावली, सावकाश चष्मा काढून पुसला आणि डायरी उघडली.

"गाडी कोण चालवत होतं?"

"भाची," मामा म्हणाला. "नवीन आहे साहेब. मी मघापासून सांगतोय, हळू घे, हळू घे. पण आजकालची पोरं ऐकतात का कुणाचं?"

तो इतक्या सहज बोलला की क्षणभर तिलाच वाटलं, खरंच, आपण ऐकलं नाही.

"तू चालवत होतीस?" हवालदाराने विचारलं. तिने मान हलवली. तो डायरीत काहीतरी लिहू लागला, आणि त्याचा फोन वाजला. तो चार पावलं बाजूला गेला. "हं," म्हणाला. "कधी?" म्हणाला. मग फोन खिशात टाकून परत आला.

"रंगारी गेला," तो म्हणाला. "टेम्पोतच गेला."

तिने मामाकडे पाहिलं. आता तो बोलेल, अशी तिची खात्री होती. बेफिकीर होता, पण वाईट नव्हता. आता तो दार उघडून उतरेल आणि म्हणेल, साहेब, पोरीचा काही संबंध नाही, मीच होतो. मामा जागचा हलला नाही. दोन्ही हात त्याने गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरले होते. तिला त्याचा संताप यायला हवा होता. आली ती कीव, आणि मग फार एकटं वाटलं.

हवालदार खिडकीपाशी वाकला. त्याने स्टिअरिंगकडे पाहिलं, मामाच्या लांब पायांकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. त्याचा आवाज खाली आला.

"पोरी, आता मान हलवू नकोस. तोंडाने सांग. तुझे पाय पोचतात का ब्रेकला?"

तिने खाली पाहिलं. तिच्या चपला आणि ब्रेक यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं. हवालदार थांबला होता. त्याला घाई नव्हती. 'नाही' एवढा एकच शब्द हवा होता, आणि तो तिच्या ओठांवर आलाही होता.

मामा अजून गप्प होता. जन्मात पहिल्यांदाच त्याला शब्द सुचत नव्हता, आणि त्याच्या वतीने बोलायला गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

तिने वाकून सीटखालचा दांडा चाचपला आणि ओढला. सीट करकरत पुढे सरकली. ब्रेकवर पाय ठेवून ती हवालदाराच्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"पोचतात."