इथला दूधवाला

बाबांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा मी त्यांच्या, तेव्हापासून बंदच असलेल्या कॉम्प्युटरमधले नंबर आणि कॅलेंडर ऑनलाइन खात्याला जोडून आईच्या फोनवर घेतले. त्यांच्या बँकेतल्या नोकरीच्या बदल्यांची सगळी गावं फोनवर उतरू लागली. भोपाळ दूधवाला, रायपूर गॅसवाला, जयपूर धोबी.

आई हसली. "आधी एकटे जायचे. घर लावायचे आणि मग आपल्याला न्यायला स्टेशनवर यायचे."

सगळ्यात शेवटी दोन अनोळखी नंबर आले. इथला दूधवाला. इथला धोबी.

मागोमाग कॅलेंडर उघडलं. येत्या रविवारी बाबांची नोंद होती: 'घर लागलं. जयंतीला घ्यायला स्टेशनवर जाणे.'

आईने स्वतःचं नाव दोनदा वाचलं. चष्मा पुसला.

"भार्गवी, दूधवाल्या भैयाला सांग, सोमवारपासून दूध अर्धा लिटर कमी टाक."